चौदा रात्री, एक लँकेस्टर

विक्रोळी सुटली की माझ्या फोनवरचा निळा ठिपका कधी कधी रूळ सोडून मिठागरात उतरतो आणि कांजूरमार्ग आलं की गुपचूप स्टेशनवर परत येतो. मी लोकेशनवर चालणाऱ्या एका ॲपचा कोड लिहितो, त्यामुळे त्याच्यावर चिडता येत नाही. सिग्नल गेला की शेवटचा ठिकाणा, वेग, दिशा आणि मधला वेळ यांवरून माणूस आत्ता कुठे असेल, हे आम्ही मांडतो. याला डेड रेकनिंग म्हणतात. आमचं चुकलं तर फार तर पार्सल उशिरा पोचतं.

दुसऱ्या महायुद्धात शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हेच गणित पेन्सिलीने करत होते, जर्मनीवर, रात्री. (इंग्रजी स्पेलिंगवरून सुखटणकर की सुखठणकर ते कळत नाही. मी पहिलं धरलंय.) ते भारतीय हवाई दलाचे अधिकारी. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समधल्या 83 स्क्वाड्रनमध्ये लँकेस्टर बॉम्बरवर नॅव्हिगेटर होते.

लँकेस्टरमध्ये सात जण असत. नॅव्हिगेटरची जागा पायलटच्या मागे, पडदा ओढलेल्या टेबलाशी, कारण त्याच्या दिव्याचा उजेड बाहेर दिसला तर सगळेच संपले. खाली शहर पेटलेलं असलं तरी तो नकाशावर मान घालून बसलेला. सगळा घोळ वाऱ्याचा. वाऱ्याचा अंदाज ताशी 30 किलोमीटरने चुकला, तर तासाभरात विमान 30 किलोमीटर भलतीकडे. ‘जी’ नावाची रेडिओ यंत्रणा मदतीला होती, पण जर्मन ती जॅम करत. मग पुन्हा पेन्सिल.

हे किती अवघड होतं, ते 1941 च्या बट अहवालात आहे. लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद असलेल्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. म्हणजे नेम कांजूरमार्ग स्टेशनवर धरायचा, बॉम्ब मुलुंडला पडला तरी ‘लागला’ म्हणायचं, आणि तेवढंही तिघांतल्या एकालाच जमायचं.

म्हणून 15 ऑगस्ट 1942 ला पाथफाइंडर फोर्स उभी राहिली. पुढे जाऊन रंगीत प्रकाशाने लक्ष्य दाखवायचं, मागून शेकडो विमानं येणार. 83 स्क्वाड्रन तिच्यात होती. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी गवालिया टँकवर ‘चले जाव’ची हाक दिली गेली होती. आपल्या शाळेच्या पुस्तकांत तो ऑगस्ट एवढाच आहे.

सुखटणकरांनी 45 मोहिमा केल्या. साध्या स्क्वाड्रनमध्ये 30 मोहिमांनंतर विश्रांती मिळे, पाथफाइंडरसाठी हा आकडा 45 होता. बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक-सहकाऱ्यांपैकी 55,573 मेले. शंभरात चव्वेचाळीस. त्यांचं सरासरी वय माझ्याहून कमी. सुखटणकर वाचले, त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला.

इथे मी अडकतो. फेब्रुवारी 1942 पासून बॉम्बर कमांडच्या आदेशात उघड लिहिलं होतं की कामगारांचं मनोधैर्य मोडायचं. म्हणजे त्यांची घरं, वस्त्या. जुलै 1943 च्या हल्ल्यांत एकट्या हॅम्बुर्गमध्ये चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली. ब्रिटनलाही हे जड गेलं असावं, लंडनमधलं बॉम्बर कमांडचं स्मारक व्हायला 2012 उजाडलं. आपल्याकडे तर प्रश्नच नाही. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्यासाठी हा माणूस लढला, आणि समोर हिटलर होता. याला कुठल्या धड्यात घालायचं? मला वाटतं, धडा नसला म्हणून नाव गाळायचं कारण नाही, आणि नाव घेताना हॅम्बुर्ग गाळायचंही नाही.

ऑनसाइटला असताना एका रविवारी हेंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये गेलो. तिकीट नाही, कॉलिंडेल स्टेशनवरून चालत जाता येतं. तिथे R5868 क्रमांकाची लँकेस्टर उभी आहे. आता तिला ‘एस फॉर शुगर’ म्हणतात. 83 स्क्वाड्रनमध्ये होती तेव्हा ती ‘क्यू फॉर क्वीनी’ होती. सुखटणकरांच्या 45 पैकी 14 मोहिमा याच विमानातून झाल्या.

विमानाच्या नाकावर पिवळ्या बॉम्बच्या ओळीच ओळी रंगवल्यात, एका मोहिमेला एक, शंभराच्या वर. त्यांतले चौदा आपल्या माणसाचे. फोटो काढला आणि परतीच्या ट्यूबमध्ये झूम करून मोजत बसलो. कुठले चौदा, ते काही ओळखता येत नाही.