पत्र नेणारे दोघे

श्रोतेहो, दूरचित्रवाणीवरच्या मालिकेत क्वचित असा एखादा भाग लागतो, की त्यात नायक बाजूला राहतो आणि एरवी त्याच्यामागे मुकाट उभा असणारा सोबती पुढे येतो. त्या दिवशी सारी कथा त्याचीच. इतिहास सांगतानाही अधूनमधून असं करावं. त्याला साजेशी जोडी आपल्या नांदेडच्या इतिहासातच आहे : भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग.

१६९९ सालची बैसाखी. आनंदपूरला भरसभेत गुरू गोविंदसिंगांनी मस्तक मागितलं. सभा चिडीचूप. तेव्हा पहिला उठला तो लाहोरचा दयाराम, दुसरा हस्तिनापूरचा धरमदास. एकूण पाच जण उठले. तेच पंज प्यारे. पुढे चमकौरच्या लढाईत पाचांतले तिघे कामी आले. राहिले ते हे दोघे.

त्यानंतर गुरूंनी औरंगजेबाला फारसी पद्यात पत्र लिहिलं. तोच 'जफरनामा', म्हणजे विजयपत्र. कुराणावर हात ठेवून दिलेला शब्द मोडल्याबद्दल त्यात बादशहाची कानउघाडणी आहे. पत्र कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, हे आपण शिकतो. पण ते पोचवलं कुणी? बादशहाचा मुक्काम तेव्हा अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. पंजाबातून वाट हजार किलोमीटरांहून जास्त, मुलूख मोगलांचा, आणि जवळचा कागद असा, की सापडला तर मान जायची! गुरूंनी ही कामगिरी या दोघांवर सोपवली. परंपरा सांगते, की बादशहाची भेट काही सहजासहजी होईना. पण दोघे हटले नाहीत. पत्र पोचतं केलं, तेव्हाच मागे फिरले.

१७०७ साली औरंगजेब वारला. १७०८ साली गुरू नांदेडला आले, तेव्हा ही जोडी सोबत होती. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंनी गोदाकाठी देह ठेवला. शीख परंपरेप्रमाणे या दोघांनीही शेवटचा श्वास नांदेडलाच घेतला.

शीख बांधव त्यांना विसरलेले नाहीत. रोजच्या अरदासीत पंज प्याऱ्यांचं स्मरण होतं. विसरलो ते आपण, त्यांच्या शेजारी राहणारे. लातूरकडच्या, नांदेडच्या शाळांची पोरं सहलीला सचखंड हुजूर साहिबला येतात, लंगरात जेवतात, गुरूंचं आणि बंदा बहादुराचं नाव पाठ करून जातात. शिक्षक बंधु-भगिनींनो, पुढच्या खेपेला पोरांना एवढंच विचारा : "ते पत्र नेलं कुणी?" मग नकाशावर पंजाबपासून अहिल्यानगरपर्यंत बोट फिरवायला लावा. वाटेतल्या नद्या, घाट, चौक्या मोजायला सांगा. बोट फिरता फिरता ते दोघे पोरांना आपोआप दिसू लागतील.