टीव्हीवरचं जहाज आणि सासूबाईंचा नियम



हुडकेश्वरला बसून समुद्राबद्दल लिहायचं म्हणजे हसूच येतं. आपला समुद्र म्हणजे अंबाझरी, फार तर फुटाळा. पण गेल्या महिन्यात माझ्या जावेने क्रूझचा बेत काढला आणि घरात दोन तट पडले. मुलं एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या. मी मध्ये, म्हणून थोडा इतिहास वाचून काढला.

जावेच्या डोक्यातलं जहाज कुठून आलं, ते मला ठाऊक आहे. ती काही वर्षं अमेरिकेत राहिली. तिथे तिने ‘द लव्ह बोट’ या मालिकेचे जुने भाग पाहिले. ही मालिका 1977 ते 1986 चालली. जेराल्डिन सॉन्डर्स नावाच्या बाई स्वतः जहाजावर काम करत, त्यांच्या आठवणींच्या पुस्तकावरून ती निघाली. कप्तान स्वतः दारात उभा राहून पाहुण्यांचं स्वागत करतो, डॉक्टर, बारवाला, खलाशी सगळे घरच्यासारखे, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कुणाचं तरी जुळतं. बरंचसं चित्रण मात्र लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झालं. टीव्हीवर दिसणाऱ्या ऐसपैस खोल्या म्हणजे सेट होते, खऱ्या जहाजाच्या केबिन लहानच असत.

त्या मालिकेतलं ‘पॅसिफिक प्रिन्सेस’ 1971 सालचं, सुमारे 20 हजार टनांचं, सहाशे-साडेसहाशे प्रवासी घेणारं. 2013 मध्ये ते तुर्कस्तानात मोडीत निघालं. 2024 च्या जानेवारीत निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ जवळजवळ अडीच लाख टनांचं आहे आणि भरलं तर त्यात साडेसात हजार प्रवासी मावतात. म्हणजे एक मोठं गावच! तिथे कप्तान दारात उभा राहून कुणाकुणाला नमस्कार करणार? पण एक मान्य करायला हवं. विमानं आली आणि 1958 नंतर अटलांटिक ओलांडायला बोटीची गरज संपत गेली. जहाज कंपन्यांना नवं गिऱ्हाईक हवं होतं, आणि क्रूझ ही फक्त लक्षाधीशांची चैन नाही हे सामान्य माणसाच्या मनात भरवायला या मालिकेने मोठा हातभार लावला.

आपल्याकडची बोट मात्र वेगळी. तिला कुणी क्रूझ म्हणत नसे. ती आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बंदरांना आणि पुढे पणजीला जाणारी. डेकवर सतरंजी पसरायची, दशम्यांचं गाठोडं सोडायचं, बोट लागली की लिंबू हुंगायचं. कित्येक बंदरांत धक्का नव्हता, तिथे भर समुद्रात होडीत उतरावं लागे, कडेवर मूल आणि हातात ट्रंक घेऊन. त्या बायकांची मला फार कमाल वाटते. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या जुन्या घरांत आजही ते नाव हळू आवाजात घेतलं जातं. पावसाळ्यात या बोटी बंद असत. पुढे रस्ते झाले, एसटी आली, आणि 1980 च्या दशकात ही सेवा आटोपली. 2018 च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली, तेव्हा आपल्या नागपूरचे गडकरी जहाजवाहतूक मंत्री होते. पण आता लोक गोव्याला पोचायला नव्हे, बोटीत राहायला म्हणून तिकीट काढत होते. 2021 च्या सप्टेंबरपासून ‘कॉर्डेलिया’ मुंबईहून निघते. ते जहाज 1990 सालचं, आधी परदेशात दुसऱ्या नावाने फिरलेलं. त्यावर जैन जेवण मिळतं, हे जावेने मला तीनदा सांगितलं.

इथे मला वीरचंद गांधी आठवले. 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं आमंत्रण आत्मारामजी महाराजांना आलं. साधूला समुद्रप्रवास चालत नाही, म्हणून त्यांनी 29 वर्षांच्या वीरचंदभाईंना पाठवलं. तेव्हा कंदमूळ नको असं सांगायला जहाजावर कोण होतं? परतल्यावर समाजातल्याच काहींनी समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्त मागितलं, महाराज मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आणि आज आपण ‘कांदा-लसूण-बटाटा नको’ हे तिकिटाबरोबरच कळवतो! सव्वाशे वर्षांत केवढा फरक.

पण सासूबाईंची हरकत बटाट्याची नव्हतीच. त्या म्हणाल्या, “जैन थाळी रात्री नऊला वाढली तर ती जैन कशी?” मी गप्प. क्रूझचा सगळा थाट सूर्यास्तानंतरचा असतो. टीव्हीवरही तसंच होतं. रोषणाई, संगीत, लांबलेलं जेवण. जेवण जैन करणं स्वयंपाक्याच्या हातात आहे, पण वेळेचं काय? शिवाय त्यांना देवदर्शनाशिवाय अन्न घ्यायचं नाही, आणि त्यांनी दिग्व्रत घेतलेलं आहे. रत्नकरंड श्रावकाचारात दिशांची मर्यादा ठरवायला समुद्र, नदी, डोंगर, जंगल अशा खुणा सांगितल्या आहेत. त्यांनी पश्चिमेची मर्यादा मुंबईचा किनारा धरली होती. तेव्हा कुणाला वाटलं होतं की घरात असा बेत निघेल!

मुलांना हे सांगितलं तर धाकटा म्हणाला, “आजी, किनाऱ्यावरच थांब, आम्ही दोन दिवसांत येतो.” सगळे हसले, त्याही हसल्या. मला मात्र रात्रभर ते टोचत राहिलं. सहल ठरवताना घरातलं एक माणूस धक्क्यावर ठेवायचं, हे आपण इतक्या सहज बोलतो.

शेवटी जावेने फोन करून विचारलं की सूर्यास्ताआधी जेवण वाढतील का. संध्याकाळचं जेवण लवकर मागता येतं, असं उत्तर आलं. सासूबाईंनी व्रताची मर्यादा मोडायला नकार दिला, त्यावर कुणी वाद घातला नाही. मी त्यांच्याबरोबर मुंबईत राहणार आहे, मंदिराजवळ खोली घेऊन. मुलं आणि जाऊ बोटीवर. चातुर्मास संपल्यावरची तारीख घ्या एवढंच त्या म्हणाल्या, आणि जावेला डब्यात भरायला खाकऱ्याचं पीठ किती लागेल ते विचारू लागल्या.