खोक्याचा आवाज

वीज न जोडता इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली, तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तारेखालचा चुंबकी पिकअप कंपनांची वीज करतो खरा, पण तिला रंग चढतो तो व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये आणि बारा इंची स्पीकरच्या कागदी कोनात. हा कोन साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर सोडत नाही. गिटारचा म्हणून जो आवाज ओळखला जातो, तो अर्धाअधिक ॲम्प्लिफायर-स्पीकरच्या या खोक्याचा.

परभणी जिल्ह्यात तो घरोघरी पोचला रेडिओतून: रेडिओ सिलोनची लघुलहर, 1957 पासून विविध भारती, पुढे 1305 किलोहर्ट्झवरचे परभणी आकाशवाणी केंद्र. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये 9 किलोहर्ट्झचे अंतर असते, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचा नाद येतो. त्यात झांजेची किणकिण आणि बासरीची फुंकर गळून जाई. गिटारचे मात्र फारसे बिघडत नसे, कारण तिची वरची बाजू स्पीकरनेच आधी छाटलेली असे. ‘दम मारो दम’मधली (1971) भूपिंदर सिंग यांची गिटार जिंतूर-गंगाखेडच्या हॉटेलातल्या ट्रान्झिस्टरवरही ओळखू येई ती म्हणूनच. खर्ज तेवढा तो चिमुकला स्पीकर खाई.

मुंबईत त्याआधीपासून व्हॅन शिपली यांच्या इलेक्ट्रिक गिटारच्या तबकड्या एचएमव्ही काढत होती. चित्रपटगीतांसाठी मात्र ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत अख्खा वाद्यवृंद एका वेळी वाजे. व्हॉल्व्ह जोरात चालवल्याशिवाय त्याचा आवाज गोड फाटत नाही, आणि जोरात चालवला की तो व्हायोलिनच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. ही अडचण जगभरची होती.

तिच्यावरचा उतारा म्हणून ‘बोस्टन’ बँडचे टॉम शोल्झ यांनी 1982मध्ये कमरेला अडकवायचा ‘रॉकमन’ आणला. 1989मध्ये ‘सॅन्सॲम्प’ आला. दोन्हींत ॲम्प्लिफायरची नक्कल साध्या सर्किटने केलेली होती. लाइन 6 कंपनीच्या राजम्याच्या आकाराच्या लाल ‘पॉड’ने 1998मध्ये तेच काम गणिताने केले. ‘ॲम्प्लिट्यूब’ (2002) थेट संगणकात बसले. 2011च्या ‘केम्पर’ने तर खऱ्या ॲम्प्लिफायरचा जणू ठसाच घेतला. ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ हे सॉफ्टवेअर तर आता फुकट मिळते.

तरीही अशा नकलांची, म्हणजे सिम्युलेटरची, बदनामी बराच काळ टिकली: आवाज कानाशी डास गुणगुणल्यासारखा. दोष व्हॉल्व्हच्या गणितात होता त्याहून अधिक स्पीकरच्या ढोबळ नकलेत होता. खऱ्या स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवून टिपलेला क्षणभराचा प्रतिसाद, म्हणजे ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ची फाइल, वापरात आली आणि चित्र पालटले. मायक्रोफोन कोनाच्या मध्यापासून कडेकडे सरकवला की धार बोथट होते. आता त्यासाठी फाइल बदलली की झाले. म्हणून आवाज पटत नसेल तर ॲम्प्लिफायरची दहा नावे चाळण्याआधी ही फाइल बदलून पाहावी.

परभणीतल्या घरच्या खोलीत लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण करताना अडते ते त्याही आधी. गिटार ऑडिओ इंटरफेसच्या गिटारसाठीच्या, साधारण 1 मेगाओमच्या इनपुटमध्ये लावावी लागते. साध्या लाइन इनपुटमध्ये तिची चमक मरते. पातळीचे सर्वोच्च टोक उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवावे, कारण शून्यावर संगणक फाडतो तो आवाज व्हॉल्व्हचा नसतो. सिंगल कॉइल पिकअप 50 हर्ट्झची गुरगुर ओढून घेतोच, आणि जुन्या घरांत अर्थिंग धड नसले, की ती वाढते. पंख्याचा रेग्युलेटर बंद करावा, चार्जर काढून बॅटरीवर काम करावे, आणि गिटारसह थोडे वळून बसावे. एवढ्याने ती पुष्कळदा बरीच कमी होते.

डावीकडे आणि उजवीकडे वेगळे वाजवलेले दोन ट्रॅक ठेवायचे असतील, तर प्रत्येकाचा गेन एकट्या ट्रॅकपेक्षा कमी लागतो, कारण दोघांची फाट मिळून दाट होते. सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर 82 हर्ट्झचा. त्याखालचे सगळे बास गिटारला सोडून द्यावे. वाजवताना संगणकाचा बफर 128 नमुन्यांवर ठेवला की त्याचा उशीर सुमारे 3 मिलिसेकंद होतो. तो 1024वर गेला की 23 होतो, आणि हात ठेक्याच्या मागे पडू लागतो.