रोम–फ्लोरेन्स रेल्वे प्रवास

रोम–फ्लोरेन्स रेल्वे प्रवास हा इटलीची राजधानी रोम आणि तोस्काना प्रदेशाची राजधानी फ्लोरेन्स (इटालियन: फिरेंझे) या दोन शहरांमधील रेल्वेने होणारा प्रवास होय. मिलान–नेपल्स या देशातील प्रमुख रेल्वे-अक्षाचा हा मधला टप्पा आहे. या दोन शहरांदरम्यान एक जुना वळणदार लोहमार्ग आणि एक सरळ द्रुतगती लोहमार्ग असे दोन मार्ग आहेत. द्रुतगती गाडीने हा प्रवास सुमारे दीड तासात होतो, तर प्रादेशिक गाडीला साडेतीन ते चार तास लागतात. दोन्ही प्रकारच्या गाड्यांच्या तिकिटांचे नियम एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न आहेत. हा भेद लक्षात न घेतल्यास प्रवाशाला अधिक भाडे, दंड किंवा वाया गेलेले तिकीट यांपैकी कशाला तरी सामोरे जावे लागते.

इतिहास

या दोन शहरांना जोडणारा पहिला लोहमार्ग १८६६ साली पूर्ण झाला. त्या वेळी फ्लोरेन्स ही इटलीच्या राज्याची राजधानी होती (१८६५–१८७१) आणि रोम अद्याप पोपच्या सत्तेखाली होते. हा मार्ग पेरुजा व फोलिन्यो या गावांवरून मोठा वळसा घेत असे. रोम राजधानी झाल्यानंतर, १८७५ साली, क्युझी व ओर्व्हिएतो या गावांवरून जाणारा अधिक जवळचा मार्ग खुला झाला. तथापि हा मार्गही आर्नो, क्याना आणि तिबेर या नद्यांच्या खोऱ्यांना धरून जात असल्याने त्याची लांबी ३०० किलोमीटरहून अधिक होती आणि वळणांमुळे गाड्यांचा वेग मर्यादित राही.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाहतूक वाढली आणि उत्तर व दक्षिण इटलीला जोडणारा हा मार्ग अपुरा पडू लागला. त्यामुळे १९७० साली नव्या सरळ मार्गाचे बांधकाम सुरू करण्यात आले. या मार्गाला ‘दिरेत्तिस्सिमा’, म्हणजे ‘अत्यंत सरळ’, असे नाव मिळाले. २४ फेब्रुवारी १९७७ रोजी रोमच्या बाजूचा निम्म्याहून अधिक मार्ग वाहतुकीस खुला झाला. युरोपातील पहिला द्रुतगती लोहमार्ग म्हणून तो ओळखला जातो. फ्रान्समधील पॅरिस–ल्यों द्रुतगती मार्ग त्यानंतर, १९८१ साली, सुरू झाला. मात्र इटलीतील उर्वरित काम रेंगाळले आणि संपूर्ण मार्ग १९९२ साली पूर्ण झाला.

नव्या मार्गाची लांबी सुमारे २५४ किलोमीटर असून कमाल वेग ताशी २५० किलोमीटर आहे. ओर्व्हिएतोजवळ पाल्या नदीच्या खोऱ्यावरील पूल ५ किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे, तर फ्लोरेन्सनजीकचा सान दोनातो बोगदा सुमारे ११ किलोमीटर लांबीचा आहे. नवा मार्ग जुन्या मार्गाला अनेक ठिकाणी जोडलेला आहे. त्यामुळे काही इंटरसिटी व प्रादेशिक गाड्याही प्रवासाचा काही भाग नव्या मार्गावरून करतात. द्रुतगती गाड्यांना वाट देण्यासाठी या गाड्यांना थांबावे लागते किंवा जुन्या मार्गाकडे वळवले जाते, अशी क्युझी, ओर्व्हिएतो, आरेझ्झो येथील नित्य प्रवाशांची जुनी तक्रार आहे.

स्थानके

रोममधील प्रमुख स्थानक रोमा तेर्मिनी हे आहे. जवळच असलेल्या सम्राट डायोक्लेशियनच्या स्नानगृहांवरून त्याला हे नाव पडले. सध्याच्या इमारतीचे उद्घाटन १९५० साली झाले. शहराच्या पूर्व भागातील रोमा तिबुर्तिना या स्थानकावरही अनेक द्रुतगती गाड्या थांबतात. फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनीपर्यंत ‘लिओनार्दो एक्सप्रेस’ ही विनाथांबा गाडी धावते व ती हे अंतर सुमारे ३२ मिनिटांत कापते.

फ्लोरेन्सचे मुख्य स्थानक फिरेंझे सान्ता मारिया नोव्हेल्ला हे होय. वास्तुविशारद जोव्हान्नी मिकेलुच्ची यांच्या नेतृत्वाखालील गटाने रचलेले हे स्थानक १९३५ साली खुले झाले. विसाव्या शतकातील इटालियन वास्तुकलेचा तो एक महत्त्वाचा नमुना मानला जातो. वेळापत्रकात त्याचे नाव ‘फिरेंझे एस. एम. एन.’ असे संक्षेपाने येते. शहराचा ऐतिहासिक भाग येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. हे अंतिम प्रकारचे स्थानक असल्याने, म्हणजे रूळ येथेच संपत असल्याने, पुढे जाणाऱ्या गाड्यांना दिशा बदलून बाहेर पडावे लागते. हा वेळ वाचवण्यासाठी काही गाड्या काम्पो दि मार्ते किंवा रिफ्रेदी या शहरातील अन्य स्थानकांवर थांबतात, तर रोम–मिलान दरम्यानच्या काही गाड्या फ्लोरेन्सला थांबतच नाहीत. म्हणून तिकीट काढताना केवळ शहराचे नाव न पाहता स्थानकाचे पूर्ण नाव तपासणे आवश्यक ठरते.

गाड्यांचे प्रकार

* द्रुतगती गाड्या: या मार्गावर दोन कंपन्यांच्या द्रुतगती गाड्या धावतात. त्रेनितालिया ही सरकारी रेल्वे समूहातील कंपनी ‘फ्रेच्चारोस्सा’ (लाल बाण) या नावाने गाड्या चालवते. ‘इतालो’ ही खासगी कंपनी एप्रिल २०१२ पासून सेवा देते. दोन्ही कंपन्या एकाच लोहमार्गाचा वापर करतात आणि प्रवासाचा वेळही जवळपास सारखाच असतो. आसनाचे आरक्षण सक्तीचे असून ते तिकिटातच समाविष्ट असते.
* इंटरसिटी: त्रेनितालियाच्या या गाड्या अधिक स्थानकांवर थांबतात. आरक्षण येथेही सक्तीचे असते. वेळ व भाडे दोन्ही सामान्यतः द्रुतगती व प्रादेशिक गाड्यांच्या मधले असतात.
* प्रादेशिक गाड्या: या गाड्या ओर्ते, ओर्व्हिएतो, क्युझी, तेरोन्तोला, आरेझ्झो अशा स्थानकांवर थांबतात. आसन आरक्षण नसते. ज्याला जागा मिळेल त्याने बसावे, अशी पद्धत असते.

भाडेपद्धती

प्रादेशिक गाडीचे भाडे अंतरानुसार ठरलेले असते. तिकीट दोन महिने आधी काढले काय किंवा गाडी सुटण्यापूर्वी दहा मिनिटे काढले काय, रक्कम तीच राहते. द्रुतगती गाड्यांचे भाडे मात्र मागणीप्रमाणे बदलते. प्रत्येक गाडीत सवलतीच्या दराच्या मर्यादित जागा असतात. त्या संपल्या की पुढील दर लागू होतो. शुक्रवारची संध्याकाळ, रविवार, ईस्टरचा काळ व ऑगस्टमधील सुट्ट्या या दिवसांत स्वस्त जागा लवकर संपतात.

त्रेनितालियाच्या तिकिटांचे प्रमुख प्रकार तीन आहेत. ‘बाझे’ हे पूर्ण दराचे तिकीट असून गाडी सुटण्यापूर्वी ते बदलता येते आणि ठरावीक कपात करून परतावाही मिळतो. ‘इकॉनॉमी’ हे सवलतीचे तिकीट मर्यादित स्वरूपात बदलता येते. ‘सुपर इकॉनॉमी’ हे सर्वांत स्वस्त असते. मात्र ते बदलता येत नाही व त्याचा परतावाही मिळत नाही. इतालोच्या तिकिटांतही याच धर्तीचे स्तर आहेत. अशा रीतीने, प्रवासी सवलतीच्या बदल्यात आपली वेळ बदलण्याची मुभा गमावत असतो. स्वस्त तिकिटाची गाडी प्रवाशाच्या चुकीने सुटली, तर पुढच्या गाडीसाठी बहुधा त्या दिवशीचा, म्हणजेच चढा, दर भरावा लागतो.

विमानाने रोमला उतरून त्याच दिवशी फ्लोरेन्सला जाणाऱ्या प्रवाशाच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. विमानाचे व रेल्वेचे तिकीट स्वतंत्रपणे काढले असल्यास विमानाला झालेल्या उशिराची जबाबदारी रेल्वे कंपनी घेत नाही. पारपत्र तपासणी, सामान मिळण्यास लागणारा वेळ आणि तेर्मिनीपर्यंतचा प्रवास धरून पुरेसा अवधी ठेवणे, अथवा बदलता येण्याजोगे तिकीट घेणे, हे दोन पर्याय अशा वेळी उपलब्ध असतात.

तिकीट आरक्षण

तिकिटे दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर, मोबाइल उपयोजनांवर, स्थानकांतील तिकीट खिडक्यांवर व स्वयंचलित यंत्रांवर मिळतात. त्रेनितालियाच्या संकेतस्थळावर इतालोच्या आणि इतालोच्या संकेतस्थळावर त्रेनितालियाच्या गाड्या दिसत नाहीत. त्यामुळे दरांची तुलना करण्यासाठी दोन्ही संकेतस्थळे पाहावी लागतात. शोध घेताना शहरांची इटालियन नावे, म्हणजे ‘रोमा’ व ‘फिरेंझे’, वापरणे सोयीचे असते. वेळापत्रक डिसेंबर व जूनच्या मध्यास बदलते. त्यापुढील तारखांची तिकिटे कधी कधी उशिरा उपलब्ध होतात.

भारतीय रेल्वेतील प्रतीक्षायादीसारखी व्यवस्था येथे नाही. जागा असेल तर निश्चित आसनासह तिकीट मिळते, नसेल तर दुसरी गाडी निवडावी लागते. द्रुतगती गाडीच्या तिकिटावर गाडीचा क्रमांक, डबा, आसन आणि आरक्षण संकेतांक असतो. हे तिकीट केवळ त्याच कंपनीच्या त्याच गाडीसाठी ग्राह्य असते. इतालोचे तिकीट घेऊन फ्रेच्चारोस्सात बसल्यास प्रवासी विनातिकीट समजला जातो.

प्रादेशिक तिकिटाची ग्राह्यता

परदेशी प्रवाशांना दंड होण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे प्रादेशिक गाडीचे छाप न मारलेले कागदी तिकीट. असे तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळील छोट्या यंत्रात घालून त्यावर दिनांक व वेळ छापून घ्यावी लागते. छाप मारल्यापासून ते ४ तास ग्राह्य असते. छाप नसलेले तिकीट पुन्हा वापरता येण्याजोगे असल्याने, पैसे भरलेले असूनही तपासनीस दंड आकारू शकतो. यंत्र नादुरुस्त असल्यास गाडीत चढताच स्वतःहून तपासनीसाला सांगावे, असा संकेत आहे. मोबाइलवरील प्रादेशिक तिकिटालाही गाडी सुटण्यापूर्वी ‘चेक-इन’ करावे लागते. द्रुतगती व इंटरसिटी गाड्यांच्या तिकिटांना यांपैकी काहीही करावे लागत नाही, कारण ती ठरावीक गाडीसाठीच असतात.

स्थानकावर

सूचनाफलकावर ‘पार्तेन्झे’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, ‘आर्रीव्ही’ म्हणजे येणाऱ्या गाड्या, ‘बिनारियो’ म्हणजे फलाट आणि ‘रितार्दो’ म्हणजे उशीर. फलकावर गाडीचे अंतिम स्थानक ठळकपणे दिलेले असते. फ्लोरेन्सला जाणारी गाडी पुढे मिलान, तोरिनो किंवा व्हेनिसला जाणारी असल्यास फलकावर त्या शहराचे नाव दिसते. म्हणून गाडी ओळखण्याची खात्रीची खूण म्हणजे तिचा क्रमांक. फलाट बहुधा गाडी सुटण्याच्या थोडा वेळ आधीच जाहीर होतो. तेर्मिनी येथे फलाटांकडे जाताना तिकीट दाखवावे लागते. गाडीचे दरवाजे सुटण्याच्या वेळेपूर्वीच बंद होतात. सामान प्रवाशाने स्वतःच चढवावे व सांभाळावे लागते.

उशीर आणि संप

युरोपीय संघाच्या २०२१/७८२ क्रमांकाच्या नियमानुसार, गाडीला ६० ते ११९ मिनिटे उशीर झाल्यास भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटे वा अधिक उशीर झाल्यास ५० टक्के भरपाई मिळण्याचा प्रवाशाला अधिकार आहे. फार लहान रकमेची भरपाई न देण्याची मुभा कंपन्यांना असून ही मर्यादा ४ युरोंहून अधिक असू शकत नाही. उशीर ६० मिनिटे वा अधिक होणार असे दिसत असल्यास प्रवासी प्रवास रद्द करून भाडे परत मागू शकतो किंवा पर्यायी गाडीची मागणी करू शकतो. स्वस्त तिकिटे विनापरतावा असली, तरी कंपनीच्या उशिराच्या बाबतीत हा अधिकार अबाधित राहतो.

इटलीत रेल्वे कर्मचाऱ्यांचे संप वारंवार होतात. १९९० च्या १४६ क्रमांकाच्या कायद्यानुसार संपाची पूर्वसूचना देणे आणि अत्यावश्यक सेवा चालू ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे कामकाजाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या धावतात. लांब पल्ल्याच्या काही गाड्यांचीही हमी दिलेली असते. संपाला ‘शोपेरो’ म्हणतात. हा शब्द ओळखीचा असल्यास स्थानकावरील सूचना समजण्यास मदत होते.

पर्यायांची तुलना

एका दिवसात जाऊन परत येणाऱ्या प्रवाशासाठी द्रुतगती गाडी हाच व्यवहार्य पर्याय ठरतो, कारण प्रादेशिक गाडीने जाण्या-येण्यातच सात-आठ तास खर्च होतात. काही आठवडे आधी आरक्षण केल्यास द्रुतगती गाडीचे सवलतीचे भाडे प्रादेशिक गाडीच्या भाड्याच्या जवळपास येऊ शकते. ऐनवेळी निघणाऱ्या प्रवाशाच्या बाबतीत मात्र दोहोंमधील तफावत मोठी असते. अशा वेळी, हाती वेळ असल्यास, प्रादेशिक गाडी किफायतशीर ठरते.

जुन्या मार्गाचे स्वतःचे एक मूल्य आहे. खडकाच्या उंच पठारावर वसलेले ओर्व्हिएतो, ज्याच्या स्थानकासमोरूनच वर गावात नेणारी दोरखेच रेल्वे सुटते, आणि पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकाराची भित्तिचित्रे असलेले आरेझ्झो ही गावे याच वाटेवर आहेत. ती पाहण्याची इच्छा असणाऱ्यांना प्रत्येक टप्प्याचे स्वतंत्र प्रादेशिक तिकीट काढून प्रवास करता येतो. बहुसंख्य द्रुतगती गाड्या या गावांना वळसा घालून पुढे जातात.