दीर्घकालीन रक्तकर्करोग आणि कोरोना संसर्ग

रक्ताचा कर्करोग सावकाश वाढत असलेल्या व्यक्तीला सार्स-कोव्ह-२ या विषाणूची लागण होणे. अशा कर्करोगाचे मुख्य प्रकार दोन: लिम्फोसाइटिक (सीएलएल) आणि मायलॉइड (सीएमएल). ‘ब्लड कॅन्सर’ म्हणून दोन्ही एकाच माळेत ओवले जातात, पण कोरोनापुढे दोघांची गत अगदी वेगळी असते.

सीएलएलमध्ये प्रतिपिंडे बनवणारी बी-पेशीच बिघडलेली असते. युरोप-अमेरिकेत २०२० च्या पहिल्या लाटेत नोंदल्या गेलेल्या अशा रुग्णांपैकी, जे बहुतेक रुग्णालयात दाखल होते, सुमारे एक तृतीयांश दगावले. २०२१ मधील इस्राएली अभ्यासात लशीच्या दोन मात्रांनंतरही जेमतेम ४० टक्के रुग्णांत प्रतिपिंडे आढळली. लशीआधीच्या वर्षभरात रिटुक्सिमॅबसारखे बी-पेशींवर मारा करणारे औषध घेतलेल्यांत एकातही नाही. निदानातही पंचाईत होते. कोरोनात लिम्फोसाइट घटतात, पण इथे त्या मुळातच भरमसाट असल्याने घट रिपोर्टात दिसत नाही.

भारतात मात्र सीएलएल कमी, सीएमएल जास्त. रुग्णही पाश्चात्त्यांपेक्षा तरुण, बहुधा कमावत्या वयाचे. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन सीएमएल जडतो आणि इमॅटिनिबची रोजची गोळी तो आटोक्यात ठेवते. गोळी लागू पडलेल्या रुग्णाला कोरोनाचा धोका इतरांहून फारसा जास्त आढळला नाही. आपल्याकडे खरा घात गोळी चुकण्याने होण्याची भीती होती, पण ती कितपत खरी ठरली हे आकड्यांतून पुरेसे पुढे आले नाही.

उदाहरणार्थ, दक्षिण सोलापूर तालुक्यातले वळसंग हे सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरचे गाव. ताप-खोकल्याला कुंभारीचा दवाखाना किंवा सोलापूरचे सिव्हिल जवळ. कॅन्सरसाठी बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, नाहीतर थेट मुंबईत परळचे टाटा रुग्णालय. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत प्रवासी गाड्या थांबल्या, त्यात मुंबईची रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेसही. जिल्ह्याबाहेर जायला सप्टेंबरच्या आरंभापर्यंत ई-पास लागे. महिन्याच्या गोळ्या आणायच्या आणि दर तीन महिन्यांनी आजार किती आटोक्यात आहे हे सांगणारी बीसीआर-एबीएल तपासणी करायची, तर इथल्या रुग्णाने जायचे कसे? देशातील ४१ कर्करोग केंद्रांत मार्च ते मे २०२० दरम्यान नवी नोंदणी आदल्या वर्षीपेक्षा ५४ टक्क्यांनी आणि फेरतपासणी ४६ टक्क्यांनी घटली. गोळी बंद पडली की वरकरणी काही आठवडे काहीच जाणवत नाही, पांढऱ्या पेशी मात्र वाढत राहतात.

१ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना लस खुली झाली. त्या यादीत रक्तकर्करोग होता. पंचेचाळिशीच्या आतल्या सीएमएल रुग्णांना मात्र मे उजाडेपर्यंत थांबावे लागले.

उपचारांत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. सीएमएलवरचे डॅसाटिनिब घेणाऱ्याला धाप लागली तर तो कोरोनाचा न्यूमोनियाच असेल असे नाही. त्या औषधाने फुप्फुसाभोवती पाणीही साचते, म्हणून छातीचा एक्स-रे आधी पाहावा. कोरोनावरील गोळ्यांच्या जोडीतले रिटोनाविर हे सीएलएलवरच्या इब्रुटिनिब आणि व्हेनेटोक्लॅक्सचे रक्तातले प्रमाण धोकादायक वाढवते. म्हणून चालू गोळ्यांची चिठ्ठी प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवावी.