‘म्हो’ आणि ‘सीमेन्स’ : एका मापाची उलटापालट

विजेच्या मापांचा इतिहास प्रयोगशाळेत जितका घडला तितकाच समुद्राच्या तळाशीही घडला. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानाकडे येणारी तार १८५९-६० मध्ये अंथरली गेली आणि लवकरच मुकी झाली. अटलांटिकमधील १८५८ ची तार तर काही आठवडेच बोलली. तुटलेली जागा शोधण्याचा एकच मार्ग होता : किनाऱ्यावरून तारेचा रोध मोजावयाचा आणि त्यावरून बिघाडाचे अंतर काढावयाचे. परंतु मोजावयाचा कशाने? फ्रान्समध्ये एक किलोमीटर लोखंडी तारेचा रोध हे माप मानीत, तर इंग्लंडात एक मैल तांब्याच्या तारेचा. तांबे किंचित अशुद्ध निघाले की मापही बदले. लक्षावधी रुपयांची तार समुद्रात पडून असताना अशा मापांवर विसंबणे कठीणच होते.

यावर बर्लिनचे व्हेर्नर सीमेन्स यांनी १८६० साली उपाय सुचविला. १ मीटर लांब आणि १ चौरस मिलिमीटर छेदाचा शुद्ध पाऱ्याचा स्तंभ, शून्य अंश तापमानाला, जेवढा रोध करील तेवढा रोध एक मानावा. पारा शुद्ध करता येतो आणि काचेची नळी कोठेही मिळते. त्यामुळे हे माप कोणालाही नव्याने घडविता येई. युरोपातील तारखात्यांत ते चांगलेच रूढ झाले. पुढे सीमेन्स बंधूंनी लंडनहून तेहरानपर्यंत तारमार्ग उभारला. तेथून सरकारी तारेने निरोप कराचीस व पुढे कलकत्त्यास जाऊ लागले. हे १८७० चे वर्ष. त्याच वर्षी ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईहून एडनकडे समुद्रतार टाकली.

इंग्लंडातील ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने मात्र १८६१ पासून निराळी वाट धरली. लांबी, वस्तुमान व काळ या मूलभूत मापांवरून रोधाचे एकक काढावे, असा तिचा आग्रह होता. त्या एककास पुढे गेऑर्ग ओहम यांचे नाव मिळाले. ज्यांच्या १८२७ च्या ग्रंथाची त्यांच्याच देशात उपेक्षा झाली, त्या शाळामास्तरांचे नाव जगभर उच्चारले जाऊ लागले, ही गोष्ट समाधानाची खरी. समितीचे पहिले माप सव्वा टक्क्याहून अधिक उणे निघाले, हेही सांगावयास हवे. अखेर तडजोड झाली : १८९३ च्या शिकागो परिषदेने १०६.३ सेंटिमीटर पाऱ्याचा स्तंभ म्हणजे आंतरराष्ट्रीय ओहम, असे ठरविले. व्याख्या इंग्लंडची, पारा सीमेन्स यांचा!

आता वाहकतेकडे. तार विजेला किती अडविते याऐवजी किती वाट देते, हे सांगणारी राशी म्हणजे वाहकता. रोधाने एकास भागले की ती मिळते. तिला नाव नव्हते. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८८३ मधील एका व्याख्यानात विनोदाने सुचविले की फोनोग्राफ उलटा फिरवून ‘ओहम’ शब्द ऐकावा. त्यातून ‘म्हो’ जन्मला, आणि त्याचे चिन्हही उलटा ओमेगा झाले. थट्टेत जन्मलेले हे नाव जवळजवळ नव्वद वर्षे टिकले. रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हांच्या पुस्तकांत ‘मायक्रोम्हो’ पानोपानी आढळतो.

१९७१ साली वजनमापांच्या सार्वत्रिक परिषदेने वाहकतेच्या एककास ‘सीमेन्स’ हे नाव दिले. १ म्हो म्हणजे १ सीमेन्स. येथे गुणाकार-भागाकार काही नाही. पण ज्यांचे नाव पूर्वी रोधाच्या मापाला होते, ते आता त्याच्या व्यस्ताला मिळाले! हा सन्मान आहे, पण जुने कागद वाचणाऱ्याला सापळाही आहे. १८७० च्या सुमाराच्या एखाद्या जर्मन तारनोंदीत ‘२० सीमेन्स’ असे असेल, तर तो रोध आहे. त्यास १.०६३ ने भागावे, सुमारे १८.८ ओहम येतात. त्याची वाहकता ०.०५३ सीमेन्स. आकडा वाहकतेचा समजून घेतला, तर चूक पावणेचारशे पटींची होते.

१९४८ पूर्वीच्या आंतरराष्ट्रीय म्होचा फरक किरकोळ आहे. आंतरराष्ट्रीय ओहम आजच्या ओहमपेक्षा दहा हजारांत पाच भाग मोठा, म्हणून तो म्हो ०.९९९५ सीमेन्स. सूक्ष्म प्रयोगाखेरीज याची दखल घेण्याचे कारण नाही.

दख्खनच्या कालव्यांखालील क्षारपड जमिनींचे जुने माती-अहवाल वाचताना मात्र जपावे लागते. त्यांत विशिष्ट वाहकता ‘मिलिम्हो प्रति सेंटिमीटर’ अशी असते. नव्या अहवालांत ‘डेसिसीमेन्स प्रति मीटर’. आकडा दोन्हींत तोच राहतो : मातीच्या संपृक्त अर्कासाठी ४ ही क्षारतेची प्रचलित सीमा जुन्या मापातही ४ च. पण जुन्या तक्त्यात मायक्रोम्हो असतील, तर तेथे ४००० लिहिलेले सापडेल, आणि ते पाहून शेतकऱ्याने घाबरून जाऊ नये.