घरातला किरणोत्सर्ग कसा मोजतात? सुरत-नवापूर पट्ट्यातील रहिवाशांसाठी माहिती

सुरत, व्यारा, नवापूर या पट्ट्यात किरणोत्सर्गाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं काकरापार अणुऊर्जा प्रकल्पाचं. ११ मार्च २०१६ रोजी तिथल्या पहिल्या भट्टीत जड पाण्याची गळती झाली आणि भट्टी बंद करावी लागली. बाहेर मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सर्ग गेला नाही, असं तेव्हा अधिकृतपणे सांगण्यात आलं. पण किरणोत्सर्ग अणुभट्टीपुरता नसतो. जमीन, विटा, अन्न, आकाश आणि घरातली हवा यांतून तो प्रत्येकाला रोज मिळतो.

प्रमाण किती?

नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. यातला जवळपास निम्मा वाटा रेडॉन वायू आणि त्याच्यापासून तयार होणाऱ्या कणांचा. अणुप्रकल्पांमुळे सामान्य नागरिकाला मिळू शकणाऱ्या मात्रेची भारतातली मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. नैसर्गिक वाटा त्यात धरत नाहीत.

रेडॉन घरात येतो कुठून?

माती-खडकातल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन बनतो. त्याला रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगांतून तो आत शिरतो आणि बंद खोलीत साचतो. सुरत तापीच्या गाळावर वसलं आहे, पूर्वेकडे काळा पाषाण लागतो. ग्रॅनाइटच्या मानाने या पाषाणात युरेनियम, थोरियम कमी असतं. तरी तळमजल्याची, एकाच खिडकीची, दिवसभर बंद असलेली खोली आणि वरच्या मजल्यावरचं हवेशीर घर यांत फरक पडतोच.

दोन वेगळी मोजमापं

गॅमा किरण: हातात धरायचा मीटर खोलीच्या मध्यभागी, जमिनीपासून १ मीटर उंचीवर धरून अनेक नोंदी घेतात व सरासरी काढतात. ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्ट आले तर वर्षाच्या ८,७६० तासांचे सुमारे ०.८८ मिलिसिव्हर्ट होतात. घरात जितके तास राहतो, तेवढाच हिस्सा धरायचा.

रेडॉन: मीटर घेतला की काम झालं, असं इथे नाही. साधा गॅमा मीटर हवेतला रेडॉन मोजत नाही. त्यासाठी छोट्या डबीत खास फिल्म ठेवून ती खोलीत साधारण ९० दिवस टांगतात. अल्फा कण फिल्मवर सूक्ष्म खुणा करतात. नंतर प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने त्या ठळक करून मोजतात. डबी भिंत, खिडकी, पंखा आणि चुलीपासून दूर हवी.

एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. रात्री दारं-खिडक्या बंद झाल्या की रेडॉन वाढतो, हिवाळ्यातही वाढतो. म्हणून वेगवेगळ्या ऋतूंत मोजणं चांगलं.

आकडा आल्यावर काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार घरातली पातळी दर घनमीटरला १०० बेकरेलच्या आत असावी. ते शक्य नसेल तिथेही ३०० च्या वर जाऊ नये. उपाय सोपे आहेत: समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी ठेवणं, फरशी आणि नळाच्या पाइपांभोवतीच्या भेगा बुजवणं. रेडॉनमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला तो कितीतरी पट जास्त असतो. त्यामुळे ज्या घरात कुणी ओढतं, तिथे खिडकी उघडण्याइतकंच बिडी सोडणंही गरजेचं आहे.